इंजिनाचे तोंड कोणीकडे?

विमानाचा इतिहास सांगताना आपण माणसांची नावे सांगतो, तारखा सांगतो, कोण किती उंच गेला आणि कोण कुठे पडला हे सांगतो. पण त्या माणसाने इंजिन विमानाच्या नेमक्या कोणत्या जागी बसवले आणि त्याचे तोंड कोणीकडे केले, हे सांगायचे बहुधा राहून जाते. आजचे भाषण तेवढ्याच गोष्टीवर आहे. त्यातही मला अधिक बोलायचे आहे ते मुठीत मावणाऱ्या छोट्या इंजिनांबद्दल. पोरांच्या, हौशी माणसांच्या आणि एन.सी.सी.च्या छात्रांच्या विमानांना ती बसवतात. मोठ्या विमानांचे पुष्कळसे शहाणपण आधी अशा लहान विमानांवरच कमावलेले आहे, म्हणून हा विषय गुरुजींच्या कामाचा आहे.

कन्नड म्हटले की परगावचा माणूस आधी भाषेबद्दल विचारतो. हे कन्नड शिवना नदीकाठचे, सोलापूर-धुळे रस्त्यावरचे. गावाबाहेर पडून चाळीसगावची वाट धरली की औट्रम घाट लागतो आणि सातमाळ्याच्या कडेवरून खाली खानदेश पसरलेला दिसतो. या कडेला वारा असा येतो की डोक्यावरची टोपी धरून उभे राहावे लागते. संक्रांतीच्या सुमारास इथली पोरे पतंग उडवतात. त्यांना एक गोष्ट कुणी न शिकवता कळते. पतंगाच्या पोटावर बांधलेल्या दोऱ्याची गाठ बोटभर वर घेतली की पतंग एक वागतो, बोटभर खाली घेतली की दुसरेच वागतो. कागद तोच, काड्या त्याच, वाराही तोच. बदलली ती फक्त ओढ लागण्याची जागा आणि तिची दिशा. विमानाला हीच ओढ इंजिन आणि पंखा देतात. म्हणजे गाठ कुठे मारायची हाच प्रश्न, फक्त दोऱ्याच्या जागी लोखंड आले.

इंग्लंडात चार्ड नावाच्या गावी जॉन स्ट्रिंगफेलो यांनी १८४८ साली वाफेच्या इंजिनाचे एक छोटे विमान तयार केले. पंखांचा पसारा सुमारे ३ मीटर, आणि ते सोडले तारेवरून, एका लांबलचक बंदिस्त इमारतीत. ते खरोखर उडाले की तारेवरून सुटल्यावर नुसते घसरले, यावर आजही जाणत्यांत एकमत नाही. पण इंजिनाची जागा पाहण्यासारखी आहे. इंजिन मधोमध आणि दोन पंखे मुख्य पंखांच्या पाठीमागे. म्हणजे ओढायचे नाही, ढकलायचे. त्या काळच्या माणसाच्या डोळ्यापुढे आगबोट होती आणि आगबोटीचा पंखा मागेच असतो.

यानंतरचे नाव फार मोलाचे आहे. पॅरिसचा आल्फोन्स पेनो. वय एकवीस. १८७१ च्या ऑगस्टमध्ये त्याने पॅरिसच्या त्युइलरी बागेत लोकांसमोर एक हलके विमान सोडले. त्याला वाफ नव्हती, लोखंड नव्हते. पिळलेल्या रबराच्या जोरावर पंखा फिरत होता. ते ११ सेकंद हवेत राहिले. पंखा अगदी शेपटीला होता. आणि त्या शेपटीच्या आडव्या पट्टीला त्याने असा कोन दिला होता की नाक खाली गेले तर ते आपोआप वर यावे. आजही शाळेत रबराचे विमान करणारा पोरगा नकळत पेनोचाच हिशेब वापरतो. हा बिचारा तिशीतच गेला. त्याच्याच कल्पनेतले एक रबराचे उडते खेळणे १८७८ साली अमेरिकेतल्या एका पाद्रीबाबांनी आपल्या दोन पोरांना आणून दिले. ती पोरे म्हणजे विल्बर आणि ऑर्व्हिल राइट. खेळण्यावर पैसे वाया गेले असे म्हणणाऱ्या आईबापांनी एवढे ध्यानात ठेवावे.

अमेरिकेच्या सॅम्युएल लँग्ली यांचेही सांगायला हवे. ६ मे १८९६ रोजी पोटोमॅक नदीवर त्यांचे वाफेवर चालणारे, माणूस नसलेले विमान सुमारे एक हजार मीटर उडाले. टेलिफोनवाले ग्रॅहॅम बेल तिथे हजर होते, त्यांनी फोटोही काढला. इंजिन मधल्या सांगाड्यात, पुढचे पंख वेगळे, मागचे पंख वेगळे, आणि दोन फिरते पंखे त्यांच्या दरम्यान. पुढे १९०१ साली लँग्लींनीच पेट्रोलच्या इंजिनावर एक छोटे विमान उडवले. एवढे करूनही माणूस नेणारे त्यांचे मोठे विमान १९०३ मध्ये दोनदा नदीत पडले.

त्याच वर्षी १७ डिसेंबरला राइट बंधू उडाले. त्यांचे इंजिन कुठे होते, हे मी पुष्कळ शिक्षकांना विचारून पाहिले आहे. बहुतेक सांगतात, पुढे. ते पुढेही नव्हते आणि मधोमधही नव्हते. खालच्या पंखावर मध्यरेषेच्या उजवीकडे इंजिन होते आणि डावीकडे विमान चालवणारा पालथा निजलेला. तराजूची दोन पारडीच म्हणा. पण इंजिन माणसापेक्षा जड भरले, तेव्हा त्यांनी उजवीकडचा पंख सुमारे चार इंच लांब केला. पंखे दोन, पाठीमागे, आणि त्यांना फिरवायला सायकलसारख्या साखळ्या. त्यांतल्या एका साखळीला पीळ देऊन त्यांनी एक पंखा उलट फिरवला. यामागचे कारण जरा सविस्तर सांगतो, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे.

बोअरमध्ये सोडलेली मोटर सुरू होते त्या क्षणी वरचा पाइप हिसका खातो, हे शेतकऱ्याला ठाऊक आहे. मोटर आतला दांडा एकीकडे फिरवते, तेव्हा तिचे स्वतःचे अंग उलट बाजूला फिरू पाहते. विमानातही तसेच. चालवणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर बहुतेक विमानांचा पंखा घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतो, म्हणून विमान डावीकडे कलंडू पाहते. दोन पंखे उलटसुलट फिरवले की एकाचा हिसका दुसरा खातो. एकच पंखा असेल तर दुसरा काही उपाय शोधावा लागतो.

पुढच्या काळात बहुतेक विमानांचा पंखा नाकावर आला. पण इंजिन उभे ठेवायचे की आडवे की उलटे, हा वाद राहिलाच. यातले एक उदाहरण आपल्या देशाच्या इतिहासातले आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू विमानतळावर उतरले. ते विमान होते ‘पस मॉथ’, आणि त्याचे इंजिन उलटे टांगलेले होते. सिलिंडर खाली, दांडा वर. त्यामुळे पंखा उंचावर राहतो आणि जमिनीला लागत नाही, नाक बसके होते आणि चालवणाऱ्याला समोरचे नीट दिसते. तोटा एवढाच की विमान उभे राहिले की वरचे तेल पाझरून खालच्या सिलिंडरांत उतरते. म्हणून चालू करण्याआधी पंखा हाताने सावकाश फिरवून पाहण्याची पद्धत असते.

हीच रचना आपल्या एका मराठी माणसाने पुढे वापरली. डॉ. विष्णु माधव घाटगे, कोल्हापूरकडचे. जर्मनीत गटिंगेनला प्रांटल यांच्या हाताखाली शिकून १९३६ साली डॉक्टर झाले आणि नंतर बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात विमाने आखू लागले. त्यांनी आखलेले ‘एच.टी.२’ हे शिकाऊ वैमानिकांचे विमान ऑगस्ट १९५१ मध्ये प्रथम उडाले. त्यात १५५ अश्वशक्तीचे, चार सिलिंडरांचे, उलटे टांगलेले सिरस मेजर इंजिन होते. अशी दीडशेहून अधिक विमाने बनली आणि वायुदलाचे कितीतरी वैमानिक त्यांवर शिकले. मराठी मुलांच्या पुस्तकांत घाटग्यांचे नाव जितके यायला हवे तितके येत नाही. असो.

आता लहान इंजिनाकडे वळू. १९३० पर्यंत हौशी लोकांची बहुतेक विमाने रबरावर उडत. मग फिलाडेल्फियाच्या बिल ब्राउन या तरुणाने सुमारे १० घनसेंटिमीटरचे पेट्रोलचे छोटे इंजिन बनवले, आणि मॅक्सवेल बॅसेट याने ते आपल्या विमानाला लावून १९३३ च्या अमेरिकी राष्ट्रीय स्पर्धेत रबरवाल्यांना पार मागे टाकले. रबरवाले रागावले, आणि पेट्रोलच्या विमानांचा गट वेगळा करावा लागला. या इंजिनाला ठिणगीसाठी कॉइल, कंडेन्सर आणि बॅटरी लागे. हे ओझे विमानाच्या पोटात बसवावे लागे, तेव्हा इंजिन कुठे बसवायचे हे अर्धे बॅटरीच ठरवी. १९४७ साली रे आर्डेन यांनी ग्लो प्लग बाजारात आणला. त्यात प्लॅटिनमची बारीक तार असते. एकदा बाहेरच्या बॅटरीने तापवून इंजिन सुरू केले की मेथॅनॉलच्या संगतीने ती तापलेलीच राहते. बॅटरी काढून घ्या, इंजिन चालते. ओझे एकदम उतरले.

युरोपात दुसरी वाट निघाली. स्वित्झर्लंडमध्ये लहान ‘डिझेल’ इंजिने बनली आणि महायुद्ध संपल्यावर इंग्लंडात ती फार लोकप्रिय झाली. त्यांतले मिल्स हे नाव जुन्या हौशी मंडळींच्या तोंडी असे. पुढे त्या घडणीची इंजिने आपल्याकडे कलकत्त्यालाही होऊ लागली. ऑरोरा या नावाने ती देशभर गेली. विहिरीवरच्या डिझेलसारखा यात पंप नाही, नोझल नाही. इथर, रॉकेल आणि एरंडेल साधारण सारख्या भागांनी मिसळायचे आणि डोक्यावरचा स्क्रू पिळून दाब कमीजास्त करायचा. दाबाच्या उष्णतेने इथर पेटते, रॉकेल बळ देते आणि एरंडेल वंगण करते. आपल्या आजीने पोट साफ व्हायला दिलेले एरंडेल विमानाच्या इंजिनातही चालते, हे सांगितले की वर्गातली पोरे हसतात आणि मग ऐकतात. मात्र इथर भारी ज्वालाग्राही, त्याच्या वाफेने गुंगी येते. मोठा माणूस जवळ असल्याशिवाय मुलांच्या हाती ते देऊ नये.

वंगण इंधनातच असल्यामुळे या इंजिनाला खाली तेलाची टाकी नाही. म्हणून ते उभे, आडवे, उलटे कसेही बसवता येते. विहिरीवरचे इंजिन उलटे करून बघा म्हणजे फरक कळेल! पण कसेही बसवता येते याचा अर्थ कसेही बसवावे असा नाही. उलट्या इंजिनात जादा इंधन सिलिंडरच्या डोक्याशी साठते आणि प्लग भिजतो. आडव्या इंजिनाचा धूर आणि तेल एका बाजूला उडते. उभे इंजिन सुरू करायला सोपे, पण विमान पाठीवर पडले की पहिला मार त्याच्याच डोक्याला. आणि कसेही बसवले तरी टाकीची मध्यरेषा इंधन घेणाऱ्या नळीच्या पातळीला, फार तर थोडी खाली ठेवावी. टाकी उंच असली तर इंजिन बुडते, फार खाली असली तर विमान नाक वर करताच इंजिन तहानेने बंद पडते.

बसवण्याच्या पद्धती मुख्यतः दोन. एकीत विमानाच्या नाकातून दोन कठीण लाकडी दांडे पुढे काढतात आणि इंजिनाचे दोन कान त्यांवर ठेवून चार बोल्टांनी आवळतात. दुसरीत नाकाशी प्लायवुडची आडवी फळी पक्की चिकटवतात आणि इंजिन तिच्यावर समोरून बसवतात. अंग हलक्या लाकडाचे असले तरी चालते. बाल्सा तर सगळ्यांना माहीत आहे, आणि सावंतवाडीच्या खेळण्यांचा आपला पांगाराही हलकाच. पण इंजिनाखाली लाकूड टणकच हवे. हे इंजिन मिनिटाला दहा हजार फेऱ्या सहज घेते. विहिरीवरच्या जुन्या संथ इंजिनाच्या सहाशे-साडेसहाशे. पायाचे बोल्ट ढिले झालेले पंपाचे इंजिन कसे नाचते आणि पाणी कसे कमी देते, हे ज्याने पाहिले त्याला पुढचे सांगायला नको. ढिल्या लहान इंजिनाने टाकीतले इंधन फेसाळते, नळीत बुडबुडे जातात आणि नेमके हवेत असताना ते गप्प होते. लोक मग इंजिनाला शिव्या देतात. दोष चार आण्याच्या बोल्टाचा असतो.

यापुढची गोष्ट मला सगळ्यांत आवडते. इंजिन सरळ बसवले की विमान सरळ जाते, असे वाटते ना? तसे होत नाही. पंख वर असलेल्या विमानाला इंजिनाने वेग दिला की पंखांचे उचलणे वाढते, नाक वर चढते, आणखी चढते, आणि शेवटी विमान हवेत अडखळून कोसळते. उपाय असा की इंजिनाचा दांडा दोन-तीन अंश खाली रोखायचा. तसेच पंख्याच्या हिसक्याने विमान डावीकडे जाते, म्हणून दांडा एक-दोन अंश उजवीकडे. फळीवर बसवलेल्या इंजिनाला हे दोन वायसरांचे काम आहे. वरच्या बोल्टांमागे वायसर घातले की वरची बाजू पुढे येते आणि तोंड खाली होते. डाव्या बोल्टांमागे घातले की तोंड उजवीकडे. दांड्यांवर बसवलेले असेल तर कानांच्या मागच्या टोकाखाली वायसर, म्हणजे तोंड खाली. इंजिन बंद पडून विमान घसरत उतरते तेव्हा हा कोन आपोआप निकामी होतो, कारण ओढच उरत नाही. शेपटी वाकवून तेच साधायला गेलात तर चढताना बरे वाटेल, उतरताना विमान नाकावर येईल. म्हणून इंजिनाची खोड इंजिनापाशीच मोडायची.

अमेरिकेत पोर्टलंडच्या जिम वॉकर यांनी १९४० च्या सुमारास दोन तारांवर गोल फिरवायचे विमान लोकप्रिय केले. माणूस मध्ये उभा, हातात मूठ, आणि विमान त्याच्याभोवती घाण्याच्या बैलासारखे फिरते, फक्त बैलापेक्षा पुष्कळ वेगाने. इथे तार सैल पडली की कारभार संपला. म्हणून इंजिनाचे तोंड जरा बाहेरच्या बाजूला वळवतात, म्हणजे विमान सतत तार ताणून धरते. बाहेरच्या पंखाच्या टोकाला थोडे वजनही घालतात. आणि गरगर फिरल्याने इंधन टाकीच्या बाहेरच्या भिंतीकडे जाते, म्हणून नळीचे टोक त्याच कोपऱ्यात.

आपल्याकडे ही विद्या मुलांपर्यंत नेली ती एन.सी.सी.ने. १९४८ च्या कायद्याने एन.सी.सी. उभी राहिली आणि १ एप्रिल १९५० रोजी तिची हवाई शाखा मुंबई आणि कलकत्ता येथे एकेका तुकडीने सुरू झाली. विमानाच्या प्रतिकृती करणे आणि उडवणे हा तिथल्या शिक्षणाचा भाग झाला, आजही आहे. मात्र खेड्यातल्या शाळेपर्यंत हे फारसे पोहोचले नाही, कारण इंजिन परवडत नव्हते आणि शिकवणारा नव्हता.

शिकवणारा नसला की गोष्टी शिल्लक राहतात. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली मुंबईत चौपाटीवर विमान उडवले, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. कित्येक शाळांत विज्ञान दिनाला ती सांगतातही. तळपदे होऊन गेले, त्यांना या विषयाचा ध्यास होता, त्याबद्दल आदरच आहे. पण ज्या ग्रंथाचा आधार या गोष्टीला देतात, त्याची तपासणी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच शास्त्रज्ञांनी १९७४ साली केली. त्यांचा निष्कर्ष असा की ग्रंथ विसाव्या शतकाच्या आरंभीचा आहे आणि त्यात वर्णिलेली विमाने उडण्याजोगी नाहीत. मुलांना मी एवढेच विचारायला सांगेन: चौपाटीवरच्या त्या विमानाचे इंजिन कुठे बसवले होते, वजन किती, पंखा कोणत्या बाजूला, हिसका कसा आवरला? स्ट्रिंगफेलोचे हे सांगता येते, लँग्लीचे फोटोसकट सांगता येते. तळपद्यांच्या विमानाचे त्या काळचे असे एकही मोजमाप कुणी पुढे ठेवलेले नाही. घाटग्यांचे विमान मात्र वायुदलाने वर्षानुवर्षे उडवले.

आणि अभिमानच हवा असेल तर औट्रम घाट उतरून पुढे जावे. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीला राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले, २०१६ साली लोकांना दाखवले, २०१७ मध्ये त्याची सरकारी नोंदणी झाली आणि २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर त्याची उड्डाणे झाली. इंजिन नाकावर. हे कुणालाही जाऊन मोजता येण्याजोगे होते.

आता तर औषध फवारणारे ड्रोन बांधावर येऊ लागले आहेत. त्याच्या शेजारशेजारच्या मोटरी उलटसुलट फिरतात. राइट बंधूंनी साखळीला पीळ देऊन जे साधले तेच इथे साधलेले असते. मोटरीला तीन वायरी. त्यांतल्या कोणत्याही दोन अदलाबदल केल्या की मोटर उलटी फिरते. थ्री फेजचा पंप उलटा फिरू लागला की आपण जे करतो तेच. एक मोटर चुकीच्या दिशेने लागली तर ड्रोन उठता उठता आडवा होतो.

ज्या शाळेत इंजिन नाही तिथे रबरावरचे विमान पुरते. गुरुजींनी त्याच्या नाकाचा ठोकळा सुटा ठेवावा, चिकटवू नये. आधी पीळ न देता विमान हाताने अलगद सोडावे आणि ते नीट घसरत उतरते की नाही ते पाहावे. तोवर दुसऱ्या कशाला हात लावू नये. मग थोडा पीळ, मग जास्त. नाक वर करून अडखळू लागले की ठोकळा आणि अंग यांच्या फटीत वरच्या बाजूला आगकाडीची एक चपटी ढलपी सरकवावी. डावीकडे फारच वळत असेल तर दुसरी ढलपी डाव्या बाजूला. किती जाड लागली ते मुलांनी वहीत लिहावे, कारण दुसऱ्या विमानाला ती तेवढीच लागणार नाही.